हिलालच्या बांधावरचा टॉवर

काहींत घटल्या, काहींत नाही — हे काय उत्तर झालं, मॅडम? पुण्याहून नवापूरला येता, फोनच्या लहरींनी जनावराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काय होतं ते उंदरांवर तपासलं म्हणता, आणि विचारलं तर म्हणे नक्की सांगता येत नाही! उंदरांचं राहू द्या. माझ्या कोंबड्या बघा. अख्खं शेड मानमोडीच्या रोगानं आडवं झालं — लस दिलेली असताना! मग त्यांची प्रतिकारशक्ती कोणी खाल्ली? त्या टॉवरनं. उभा कोणाच्या बांधावर? हिलालच्या. सख्खा धाकटा भाऊ माझा — सांगायला लाज वाटते. आज त्याच्या मुलीची, दीपमालाची हळद, ढोल ऐकू येतो ना? आमच्या घरातून कोणी जायचं नाही. ही माझी बायको, रुपा, सकाळपासून नवी साडी नेसून बसलीय — बसू दे! तुम्ही फक्त एक ओळ लिहा, टॉवरमुळे मेल्या म्हणून. मग बघतो त्याच्याकडे, चारचौघांत.

लस? मीच दिली, दुसरं कोण देणार? गडी म्हणजे नुसते खांब. माझ्याशिवाय लसीला कोणी हात लावायचा नाही, नियमच आहे. पहाटेपासून पाणी तोडायचं, पक्षी तहानले पाहिजेत, मग बर्फाच्या पाण्यात दुधाची पावडर, त्यात लस, आणि गार आहे तोवरच पाजायची, तापली की लस मेली — आहे का तुमच्या पुस्तकात? त्या दिवशीही तसंच कालवलं, आणि नेमका हिलालचा फोन. ‘भाऊ, टावर चालू व्हई गया, पेढा धाडू का?’ पेढे! असा झापला त्याला — बादली अंगणातच, मी बोलत बोलत पार रस्त्यापर्यंत. रेंज पण काय खणखणीत! परत आलो तर ऊन डोक्यावर, गडी बादलीभोवती उभे, आत पक्षी चोची वासून. हात लावायची छाती नाही एकाची! मग मीच ओतली. थेंब वाया घालवला नाही.

बर्फ? तो काय तोवर राहतो? पाणी तर — आंघोळीला चाललं असतं...

लिहायचं का थांबलात? बघता काय असं?

रुपा, तू का उठलीस? कोठे जाई ऱ्हायनी? रुपा — हिलालले काही सांगू नको व!

मिटा ती वही, मॅडम. निघा. फाटक ओढून घ्या जाताना.