तांब्याचे डूल आणि मांडवातली खुर्ची

मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कोणावर? बायकोवर, गिऱ्हाइकावर, की स्वतःच्या... जाऊ दे, तो अवयव पुढे येतोच आहे!

तुम्हाला सांगतो, आमची ही तांब्याच्या तारेचे डूल करते. तार वाकवायची, हातोडीनं ठोकायची, पानाचा आकार द्यायचा. डावा डूल उजव्यावर ठेवला तर खालचा दिसायचा नाही! ठोकायचं खातं तिचं, बोलायचं माझं. आणि दोघं मिळून गेलो होतो घाऊक प्रदर्शनाला. तिथं सुटा जोड कोणी घेत नाही, दुकानदार येतात, नमुना बघतात आणि शेकड्यानं मागणी देतात... दिली तर! मागच्या खेपेला आम्ही नुसतं पाणी पिऊन परतलो होतो. या वेळी निघतानाच ही म्हणाली, "अहो, आता एकही मागणी आली नाही ना, तर हातोडी माळ्यावर आणि मी दादाच्या दुकानात पुड्या बांधायला." चेष्टेत म्हणाली की खरंच, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात कधी कळलंय? पण हातोडी पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवली होती हो तिनं! 

सकाळी पहिल्या आल्या एक चष्मेवाल्या बाई. एक डूल उचलला, दुसरा उचलला, नाक मुरडलं. "यंत्राचे आहेत."

"हातानं केलेत हो, हातानं!"

"मग दोन्ही सारखे कसे?"

घ्या! हिनं डोळे फोडून हात बसवला तो यासाठी? त्या गेल्या, तर एक काका हजर, खिशात फूटपट्टी! डूल मोजतायत, पुन्हा मोजतायत... "हा केसभर लांब आहे."

"हातानं केलेत हो, हातानं!"

"ते दिसतंच आहे," म्हणाले आणि गेले!

आता मला सांगा, कोणाचं खरं मानायचं? सारखे म्हणून नकोत, सारखे नाहीत म्हणूनही नकोत! डोकं गरगरलं, मागची खुर्ची ओढली, मटकन बसलो... आणि कर्रर्र! नमुन्यांचा ट्रे हिनं खुर्चीवर ठेवला होता. मला सांगितलंही होतं म्हणे. कधी? ही सरळ उरलेला माल पेटीत भरायला लागली. ही बोलत असते तोवर मी निर्धास्त असतो, कळलं ना?

चेपलेले डूल खिशात कोंबतोय, तेवढ्यात, "थांबा!" बघतो तर सात दुकानांची मालकीण! तिनं एक डूल उजेडात धरला. "अहाहा! ही वळी बघा, हा बाक बघा... यात माणूस दिसतो!"

माणसाचा कुठला भाग दिसतो, ते मी बोललो नाही.

"हातानंच केलेत ना?"

आणि या तोंडाला सवय! "हातानं केलेत हो, हातानं!"

"दोनशे जोड द्या. पण असेच्या असे."

घरी आलो. हिनं पक्कड घेतली, हातोडी घेतली, डूल वाकवून पाठवले. निरोप आला, "छान आहेत, पण यात तो मोकळेपणा नाही." मोकळेपणा! मग मी आमच्या घरच्या खुर्चीवर डूल ठेवून बसून पाहिलं, तर पार पापड. शेवटी प्रदर्शनाच्या मांडववाल्याकडे गेलो, त्याच्या ढिगातून तिथली ती खोलगट लोखंडी खुर्ची शोधली. तो विचारतो, "समारंभ आहे का?" काय सांगू त्याला?

आता रोज सकाळी चहा झाला की ही डूल मांडते आणि मला हाक मारते. "अहो, जरा डावीकडे. पोट आत. खोकू नका, वळी बिघडते!" सारखेपणात तडजोड नाही तिची. हातोडी मात्र फडक्यातून बाहेर आली, ते सोडा... मी म्हटलं, "अगं, डबीवर 'संपूर्ण हातकाम' लिहिलंयस?" तर म्हणते, "मग? दुसरं काय लिहू, तुम्हीच सुचवा."

सुचतंय का तुम्हाला काही? आणि कालच मालकिणीचा निरोप आलाय, आता बांगड्याही हव्यात, त्याच हातच्या! बांगड्या हो! तेव्हा मंडळी, एवढंच मागणं आहे... उद्या कोणी या मालाचं कौतुक केलं, तर हाताचं किती आणि माझं किती, तेवढा हिशेब प्रामाणिकपणे ठेवा!