टोपलीचा खेळ आणि मोठीआईचा पास

खरं तर हे मी कोणाला सांगायचं नाहीये. आमच्या मळ्यातल्या विहिरीत डोकावून शपथ घेतलीय मी, आणि त्या विहिरीवर तीस वाफे वांगी आणि सांभार-कोथिंबीर उभी आहे, म्हणजे शपथ मोडली तर मी एकटी नाही, वांगीही जाणार! पण आता तुम्हीच सांगा… बायकांच्या तिकिटाच्या रांगेत अर्धा तास उन्हात उभं राहायचं, चार आण्यांच्या तिकिटासाठी मूठ घट्ट धरायची, आणि वर तुमच्यातलीच कोणी तरी मागून म्हणते, ‘अगं, त्या वर्षी गंगूबाईच्या आवाजानंच अकोलेवाले हरले!’… किती वेळ गप्प बसायचं माणसानं? जरा जवळ या. माझा आवाज लहान आहे. शाळेत हजेरीला मी ‘हजर’ म्हणते ते बाईंना ऐकू जात नाही. गेल्या महिन्यात मी रोज शाळेत होते आणि नऊ दिवस गैरहजर होते!

तर ती गंगूबाई म्हणजे माझी मोठीआई. माझ्या थोरल्या काकांची बायको. ते काका, म्हणजे मोठेबाबा, घरात तीनच शब्द बोलतात, ‘हो’, ‘बरं’ आणि ‘पाणी’. बाकीचे सगळे शब्द मोठीआईच्या वाट्याला आले. आणि आवाज? तुम्हाला सांगते, ती अमरावतीच्या इतवारा बाजारात बसून ‘सांभार घ्या वोऽऽ’ म्हणाली, की बडनेऱ्याच्या टेसनावर उतरलेल्या माणसाला घरी सांभार न्यायचं आठवायचं! चार आणे म्हणे… तेव्हा तिकीट नव्हतं हो. तिकीट नव्हतं, कनात नव्हती, खुर्ची नव्हती. कॉलेजच्या मागे एक सपाट केलेली काळी जमीन, चुन्याच्या चार रेघा, आणि दोन्ही टोकांना एकेक खांब, एवढंच.

त्या खांबांना कड्या लावायच्या होत्या. कॉलेजात नवे ड्रिलमास्तर आले होते, मद्रासकडून हा बास्केटबॉल शिकून. त्यांनी नागपूरला लोखंडी कड्या मागवल्या; कड्या येतात येतात म्हणता पावसाळा संपला, कड्या काही येईनात. मग एक दिवस मास्तर स्वतः आमच्या मळ्यात! म्हणाले, ‘बाई, दोन टोपल्या पाहिजेत. वर टांगू, पोरं त्यात चेंडू टाकतील. फक्त बूड कापावं लागेल.’ मोठीआई उभीच राहिली. ‘बूड कापसान त मंग टोपली कायची राह्यली, मास्तर? वांगे का हवेत ठेवू मी?’ शेवटी ठरलं, की टोपल्या न्यायच्या, बूड कापायचं नाही आणि सामना संपला की लगेच परत द्यायच्या, कारण सकाळी बाजार असतो.

मग काय विचारता! बूड शाबूत, म्हणजे चेंडू आत पडला की आतच बसायचा. कोंबडी अंड्यावर बसते तसा! मग खेळ थांबायचा, शिडी यायची, एक जण वर चढायचा, चेंडू काढायचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे… टाकणाऱ्याला कमी, शिडीवाल्याला जास्त. लोक तरी किती? पहिल्या दिवशी तेरा. मोजणारी मीच. त्यांतले दोघे रस्ता चुकून आले होते.

आणि मोठीआई रोज जायची, खेळ पाहायला नाही, टोपल्यांवर नजर ठेवायला. मी तिच्यासोबत, डोक्यावरची चुंबळ हातात धरून. कॉलेजचा कप्तान पंजाबराव, हिवरखेडच्या शेतकऱ्याचा मुलगा, इतका उंच की दारातून आत जाताना चौकटीला नमस्कार करूनच जायचा. तो धावत आला आणि त्यानं चेंडू असा दाणकन फेकला की टोपली गदागदा हालली, आणि कडुनिंबाखालून मोठीआई ओरडली, ‘हळू टाक बापाऽऽ, टोपली फुटन!’

सगळं मैदान हसलं. पंजाबराव लाजला. पुढचा चेंडू त्यानं हळूच टाकला, गुलाबाचं फूल ठेवावं तसा… आणि तो बरोब्बर आत! मग प्रत्येक वेळी तेच. ड्रिलमास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, ‘तीन महिने मी याला हेच सांगतोय!’

पंधरा दिवसांत लोक वाढले. टांगेवाले टांगा उभा करून यायचे, घोडाही पाहायचा. भुईमुगाच्या शेंगावाला यायचा. इतवाऱ्यातली निम्मी दुकानं फळी लावून यायची. पोट्टे कडुनिंबावर चढायचे. एकदा फांदी सात पोट्ट्यांसकट खाली आली आणि सातही जण पडल्या जागेवरून पुढचा खेळ पाहू लागले! कोणाला खेळाचे नियम कळत होते? कोणालाच नाही. ‘चाला ना वो, गंगूबाई काय म्हन्ते आयकू!’ म्हणून यायचे. कड्या आल्या, टोपल्या घरी आल्या, तरी मोठीआई जातच राहिली. ‘टोपल्या नाहीत तर आता काहून जाता?’ असं शेजारणीनं विचारलं. मोठीआई म्हणाली, ‘पोट्ट्याईले सवय झाली न माही.’ आणि मोठेबाबा म्हणाले, ‘हो.’

तेव्हा तिकीट नव्हतं, तुम्हाला सांगते… आणि नेमकं कॉलेजवाल्यांच्या लक्षात आलं, की अरे, तिकीट नाही!

तिसऱ्या वर्षी आम्ही गेलो तर चहूकडे कनात. फाटकाशी टेबल, टेबलामागे कॉलेजचे कारकून शालिकराम, हे बघा, हेच, हे आत्ता खिडकीत बसलेत ना, तेच! पुरुषांना दोन आणे, बायकांना एक आणा. बायकांसाठी वेगळी बैठक आणि पुढे चिकाचा, बांबूच्या काड्यांचा पडदा. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. मोठीआई सरळ आत निघाली.

‘गंगूबाई, तिकीट.’

‘कायचं तिकीट?’

‘खेळाचं.’

‘शालिकराम, माह्या टोपल्याईनं तुमचा खेळ चालू झाला, अन मलेच तिकीट इचारून राहिले तुमी?’

‘कॉलेजच्या मोठ्या साहेबाचा हुकूम हाये, मावशी. मी का करू?’

‘नोको करू काही,’ म्हणाली, आणि कनातीबाहेर, भर रस्त्यावर, टोपली पालथी घालून तिच्यावर बसली. अर्धा बाजार तिच्याभोवती. आत तीस माणसं, बाहेर तीनशे! आणि बाहेर नुसत्या गप्पा, शेंगा… आत आमचं कॉलेज असं हरलं, की काय सांगू! नागपूरच्या पोरांनी चोवीस केले, आपल्यांनी सात.

दुसऱ्या दिवशी पंजाबराव मळ्यात हजर. वांग्याच्या वाफ्यात उभा राहून तो म्हणाला, ‘मावशी, तुमी ओरडल्या नाही त हातच चालत नाही वो. सोमवारी अकोलेवाले येऊन राहिले. मोठा सामना हाये.’ त्याच्यामागून शालिकराम, हातात कागद. साहेबांनी सोमवारचा पास दिला होता, आणि निरोप असा, की सोमवारी मैदान भरलं आणि सामना रंगला, तर हाच पास जन्मभराचा करून देऊ.

तुम्हाला सांगते, मोठीआईला लिहिता-वाचता येत नाही. पण तो कागद तिनं उलटा-सुलटा इतक्या वेळा पाहिला! आयुष्यात तिच्या नावानं आलेला पहिला कागद होता तो. मोठेबाबांना दाखवला, बैलाला दाखवला. आणि मग शनिवार-रविवार दोन दिवस ती बाजारात काय ओरडली आहे… वांगी राहिली बाजूला! ‘सोमवारी याऽऽ! अकोल्याले हरवाले याऽऽ! मी येऊन राहिली, तुमी याऽऽ!’ जोशी गल्लीपासून टांगास्टँडापर्यंत.

आणि सोमवारी सकाळी तिनं मला उठवायला तोंड उघडलं, तर आवाज नाही.

नाही म्हणजे नाही! लोहाराचा भाता चालावा तशी नुसती हवा. हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध दिला, मिठाच्या गुळण्या केल्या. हवा! मी म्हटलं, ‘मोठीआई, आपण आज नको जायला.’ तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं चपला घातल्या. माझा एक आणा मोठेबाबांनी दिला. ‘बरं,’ म्हणाले.

मैदान? मुंगीला जागा नव्हती! अकोलेवाले बडनेऱ्याला गाडी बदलून दोन-तीनशे जण आले, डफडी घेऊन. पंजाबराव दिसला की ओरडायचे, ‘अबे पंजाब्या! हिवरखेडचं पानी पिऊन अमरावतीचा झाला काय बे!’ आणि तो बिचारा खरंच हिवरखेडचा, म्हणजे अकोल्याकडचाच, मान खाली. चेंडू कडीला लागायचा आणि बाहेर. पुन्हा लागायचा, पुन्हा बाहेर. अकोला सोळा, आम्ही नऊ.

लोक पडद्याकडे पाहू लागले. ‘गंगूबाई! गंगूबाई!’ पडद्यामागे मोठीआई माझ्या दंडाला चिमटे काढतेय, कानात हवा सोडतेय, ‘तू… बोल… तू…’ मी? मी, जिला ‘हजर’ म्हणता येत नाही? मी नुसती मान हलवत होते.

मग पुढच्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, मोठ्यानं, ‘फुकटात बसाले भेटलं न, आता कायले ओरडन ते?’

आणि लोक हसले. तेच लोक, टोपलीभोवती बसून शेंगा खाणारे. मी मोठीआईकडे पाहिलं. तिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही ती रडली नाही. तिनं कमरेच्या ओच्यातून पास काढला, मांडीवर ठेवून त्याच्या घड्या नीट केल्या, आणि उठली. परत द्यायला निघाली होती ती. शालिकरामच्या टेबलावर.

मला आठवत नाही मी तोंड कधी उघडलं. ऐकू आलं तेवढं आठवतं.

‘हळू टाक बापाऽऽ, टोपली फुटन!’

अहो, हुबेहूब! तिचाच आवाज! कुठून आला? इतकी वर्षं बाजारात तिच्या शेजारी बसून माझ्या घशात साठला असेल, दुसरं काय? टोपली तर तिथं कुठंच नव्हती, दोन वर्षांपासून लोखंडी कडी होती, पण सगळं मैदान असं हसलं, असं उसळलं, की कनात हलली! पंजाबराव भर मैदानात हसला आणि त्यानं चेंडू तसाच ठेवला, फुलासारखा. आत! मग मला थांबता येईना. तिच्या तोंडचं संपलं, तर माझंच येऊ लागलं. ‘अकोलेवाले होऽऽ, लवकर हारा बापा, बडनेऱ्याची गाडी सुटन तुमची!’ त्यांचा डफडीवाला एवढा हसला, की त्याचा ठेकाच चुकला. ‘वा मावशी!’ म्हणाला तो. मावशी! मी तेरा वर्षांची होते!

एकवीस-वीस. आम्ही जिंकलो.

पडदा वर झाला तेव्हा मोठीआई पुढे आणि मी तिच्या मागे, खाली पाहत, गैरहजर. साहेबांनी तिच्या गळ्यात हार घातला. पंजाबरावानं वाकून नमस्कार केला. ती फक्त हसत होती, बोलता कुठं येत होतं? सगळे म्हणाले, ‘पाहा, ओरडून ओरडून घसा बसला बाईचा!’ संध्याकाळी विहिरीवर तिनं मला शपथ घातली. आणि पासावर शालिकरामनं सुंदर अक्षरात लिहिलं, ‘आजन्म’.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की! तक्रार कसली? तक्रार अशी, की आठ दिवसांनी घसा उघडला, पण तो आवाज नाही आला. आला तो साधाच, चारचौघींसारखा. आता बाजारात शेजारच्या रांगेतलं गिऱ्हाईकसुद्धा तिच्या हाकेला वळत नाही. ती काही बोलत नाही. एकदाच म्हणाली, ‘अवो शकुन, तवा कसं आयकू जाये ना…’ आणि वांगी पुसायला लागली. यंदा पाहा, खुर्चीला रुपया, बाकाला आठ आणे, आपल्याला चार. रिकाम्या खुर्च्या कनातीच्या फटीतून मीच मोजल्यात, सदतीस. शिडी नाही, टांगे आत सोडत नाहीत, कडुनिंबाला काटेरी तार. आणि तेव्हा तिकीट नव्हतं, तर तो आवाज फुकट ऐकायला मिळायचा हो, सगळ्या अमरावतीला, रोज!

पास मात्र आहे. आणि पास एकाच माणसाचा आहे. म्हणजे दर वर्षी ती पासावर ऐटीत आत जाते, लोक टाळ्या वाजवतात, आणि ओरडणारी मागून रांगेत उभी राहून तिकीट काढते! मला सांगा, स्वतःचा घसा फोडायला स्वतःचे चार आणे देणारी दुसरी कोणी पाहिलीत का तुम्ही? ते पाहा, शालिकराम खिडकीतून हात करून राहिले. ‘ये शकुन! चाल ना वो! तुही मोठीआई केव्हाची बलावून राहिली, अकोलेवाले मैदानात आले!’ आले, आले! ऐका, आत गेल्यावर माझ्याकडे वळून पाहू नका, आणि तेवढं… माझ्याजवळ तीन आणे दोन पैसेच आहेत, तुमच्यापैकी कोणाकडे दोन पैसे असतील का?