योग्य वजन म्हणजे नक्की किती?

...आणि वर मलाच विचारतात, 'काटा बरोबर आहे ना हो?' अहो, पार्सल ऑफिसात वजनकाट्यापाशी उभी हयात गेली माझी, तुम्हाला सांगतो, आजवर एका खोक्यानं तक्रार केली नाही! खोकं ठेवलं, आकडा आला, खोकं गप्प. पण चहाच्या सुट्टीत माणसं चढतात ना त्यावर... आधी बूट काढणार, मग घड्याळ, मग किल्ल्या, आणि शेवटी श्वास रोखून धरणार! आणि तरी, 'छे, मी इतका नाहीये!' मग किती आहेस बाबा? योग्य वजन म्हणजे नक्की किती?

हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो बायकोमुळे. टायफॉइडनं अंथरुणाला खिळली, उठली ती निम्मी होऊन. जिना चढताना मधेच बसायची, डॉक्टर बजावून सांगतायत, वजन वाढवा, नाहीतर पुन्हा पडाल... आणि ही आरशासमोर! 'अहो, आले की नाही मी माझ्या आकड्यावर? लग्नाआधीचा ड्रेस होतोय!' पुढ्यात ताट ठेवलं की दोन घास चिवडणार, 'नको बाई, परत चढेल!' मी घाबरलो हो, खरंच घाबरलो. हा आकडा हिला दिला कुणी?

विचारत सुटलो. साहेबांना विचारलं, तर ढेरी टेबलाला टेकवून म्हणतात, 'आहे त्याहून पाच किलो कमी, बस्स!' आमचा शिपाई, काडीपैलवान... तोही म्हणतो, 'पाच किलो कमी!' अरे, मग उरणार काय, गणवेश? मेहुणा म्हणतो, 'दहा जास्त, पण सगळे छातीवर!' आणि आमची आत्या? 'माझं म्हणशील तर सुनेपेक्षा एक किलो कमी असलं की झालं!' घ्या! म्हणजे सून पोटभर जेवली की आत्याची तब्येत सुधारली! योग्य वजन म्हणजे नक्की किती, सांगा ना!

शेवटी म्हटलं, हिच्याशी वाद घालण्यापेक्षा काट्याशीच बोलावं. ती अंघोळीला गेल्यावर घरातल्या काट्याचा स्क्रू पिळला आणि सुई चार किलो मागे नेली. आता रिकामा काटा शून्याच्या मागे दिसतो, पण रिकाम्या काट्याकडे बघतं कोण? चढली. 'अगंबाई! अजून उतरलं? मग आता थोडं खायला हरकत नाही!' आणि तुम्हाला सांगतो, जेवायला लागली! गालांवर रंग आला, परवा तर जिना एका दमात चढून वरून मलाच ओरडते, 'अहो, या की लवकर, धापा काय टाकताय?' डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

ठणठणीत झाली, म्हणजे सुई आता जागेवर आणायला हवी. काल त्यासाठीच वाकलो... म्हटलं, आधी आपण एकदा उभं राहून बघू. राहिलो. चार किलो कमी! स्क्रू मीच पिळलेला, या हातांनी, मला सगळं ठाऊक... तरी दिवसभर काय हलकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पँटसुद्धा सैल झाली! योग्य वजन म्हणजे नक्की किती, ते काही मला कळलं नाही बुवा... पण स्क्रू आता राहू दे तसाच.