सोळा वर्षांची कोरी गाडी

(दुपारचे दोन. गॅरेजच्या पत्र्याखाली एक जुनी गाडी, बॉनेट उघडं, इंजिन चालू.)

काका : ...तर निदान माझं झालेलं आहे. एसीचा गॅस कमी झालाय. तुम्ही फक्त गॅस भरा.

मिस्त्री : निदान झालंय, औषधही ठरलंय. मग मी काय करू, काका?

काकू : यांच्याकडे गॅस भरायची नळी नाही, म्हणून आलोय. नाहीतर तेही घरीच उरकलं असतं.

काका : तू मध्ये बोलू नकोस गं.

मिस्त्री : याआधी गॅस कधी भरला होता?

काकू : चार वर्षांत तीन ठिकाणी नेली, भरला कोणीच नाही. पहिला मिस्त्री म्हणाला गळती नाही, गॅस भरपूर आहे. म्हणून दुसऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, पहिल्याचं बरोबर आहे. हे म्हणाले, दोघं एकमेकांना सामील आहेत. मग तिसरा शोधला.

मिस्त्री : आणि मी चौथा. काका, हा पाइप धरा जरा. कसा लागतोय?

काका : गारेगार.

मिस्त्री : म्हणजे गॅस आहे, कॉम्प्रेसरही काम करतोय. थंडावा इथपर्यंत येतोय. आता आत बसून जाळीपुढे हात धरा. हवा येतेय?

काका : येतेय की.

काकू : चहा निववायला मारतात ना फुंकर, तेवढी.

काका : पुरते तेवढी. माणसाला सवय लावून घ्यायची असते.

काकू : पाच दिवसांच्या बाळाला लावा सवय. मिस्त्री, तुम्हीच सांगा. आज चार वाजता आमच्या लेकीला दवाखान्यातून घरी सोडतायत. व्याही म्हणाले, या उन्हात बाळाला त्या भट्टीतून नेऊ नका, आमची नवी गाडी पाठवतो. झालं, हे पेटले. माझी पहिली नात माझ्याच गाडीतून घरी येईल, म्हणाले.

काका : मग, चुकलं काय? लेक याच गाडीत गाडी शिकली. लग्न होऊन गेली ती याच गाडीतून.

काकू : तिनं काल मला जवळ बोलावून सांगितलं. आई, बाबांच्या गाडीत हवा नसेल तर मी सासऱ्यांच्या गाडीत बसेन. बाबा रुसले तरी चालतील.

काका : असं म्हणाली ती?

काकू : असंच म्हणाली.

काका : मला नाही सांगितलंस.

काकू : कधी सांगू? चार दिवस तुमचं डोकं बॉनेटमध्येच होतं.

मिस्त्री : ब्लोअरचा आवाज चांगला येतोय. म्हणजे पंखा फिरतोय, हवा मध्येच कुठेतरी अडतेय. काका, आतला फिल्टर कधी बदलला होतात?

काका : ते विचारूच नका. चार वर्षांपूर्वी मी स्वतः बदलला, या हातांनी. मोबाइलवर बघून अर्ध्या तासात.

मिस्त्री : आणि हवा कधीपासून कमी झाली?

काका : झाली असतील... चार वर्षं.

मिस्त्री : बरं. समोरचा कप्पा काढावा लागेल. आतलं सामान घ्या बाहेर.

काकू : सामान कसलं, गाडीचं माहितीपुस्तक आहे. पिशवीत. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.

मिस्त्री : आणि सीटवरचं हे प्लास्टिक?

काकू : शोरूममधून आलं तेव्हापासूनचं. हे स्वतः टॉवेल टाकून बसतात. उन्हाळ्यात मी उतरते तेव्हा पाठ सोलून निघते. घरी सोफ्यावर आहे, गादीवर आहे, रिमोटवर तर दोन आहेत.

काका : बत्तीस वर्षं मी भांडार विभागात काढली. सील फुटलं की वस्तू जुनी झाली, एवढं मला कळतं.

मिस्त्री : काका, जरा इकडे या. हा बघा तुमचा फिल्टर.

काका : बघा, बघा. आहे कुठे धुळीचा कण? चार वर्षं झाली म्हणून कोणी म्हणेल?

मिस्त्री : कण कुठून येणार? पाकिटातून काढलाच नाहीत तुम्ही.

काका : ...पारदर्शक आहे ते.

मिस्त्री : हवेला बघायचं नसतं, काका. जायचं असतं.

काका : त्या व्हिडिओत पाकीट काढा म्हणून कुठेही सांगितलं नव्हतं.

काकू : बिस्किटाच्या पुड्यावर तरी कुठे लिहिलेलं असतं?

काका : मी पाहिलं होतं ते. मुद्दामच ठेवलं. म्हटलं, इतका छान पांढराशुभ्र आहे, जरा राहू दे. नंतर काढू.

काकू : ऐकलंत? आमच्या घरात सगळं नंतरसाठीच असतं.

मिस्त्री : हं, आता उघडा बसवला. धरा हात.

काका : अरे... बोटं गारठली. तूही धर हात. बघ तर खरी.

काकू : लागतेय. दाराबाहेर, इथपर्यंत येतेय.

काका : व्याह्यांना फोन लाव. म्हणावं, आभारी आहोत, गाडी पाठवू नका.

मिस्त्री : एक सांगू? तुम्ही आलात तेव्हा गाडी उन्हातून आली होती. मागच्या सीटवर हात ठेवून बघा. बाळाला तिथेच घेऊन बसणार ना?

काका : आई गं. एवढं तापतं हे प्लास्टिक?

काकू : सोळा उन्हाळे तापतंय.

काका : मग काढा, मागचं काढा. पोरीच्या अंगाला चटका बसायला नको. फाडू नका पण, कडेनं सोडवा. घडी करून द्या मला.

मिस्त्री : पुढचंही काढून टाकू?

काका : पुढचं कशाला? पुढे बाळ थोडंच बसणार आहे. पुढे तर हीच असते.

मिस्त्री : काकू, काढू का?

काकू : नको, राहू द्या. मी आजपासून मागे बसणार आहे, नातीजवळ.

काका : आणि पुढे कोण?

काकू : कोणी नाही. पुढची सीट तुमची कोरीच राहील.