फणसाखालची साखळी

त्या दिवशी आभाळ नुसतं दाटून आलेलं. वारा नाही, पान हलत नाही, अंगाला चिकचिक. पाऊस येईल येईल म्हणावं, तर येत नव्हता. ऐका, शेकोटीजवळ सरका. मी सावकाश सांगणार.

आमचं जुनं गाव खानापूरच्या पलीकडं, कर्नाटकातल्या रानात. तिथं अभयारण्य झालं नि आम्हाला उठवलं. धाकलू माझा शेजारी. जाताना त्यानं त्याचा कुत्रा, चांद्या, घरामागच्या परड्यातल्या फणसाला साखळीनं बांधला. ट्रकात जागा नव्हती, आणि मोकळा ठेवला तर मागनं धावून मरेल. डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बस. उद्या येतो."

गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, त्यात वर्षं गेली.

मग त्या दाटल्या आभाळाच्या दिवशी जावयानं त्याला रान दाखवायला नेलं. बघा आता, स्वतःच्या गावात जायला माणसानं तिकीट काढलं! संध्याकाळची जीप. गवे बघून नातवंडं खूश. जीप नेमकी आमच्या जुन्या पाणवठ्याशी थांबली. गार्ड सांगत होता, खाली उतरू नका. धाकलू लघवीला म्हणून उतरला नि परड्याकडं चालू लागला. दिवस बुडालेला.

आधी डावीकडं भुंकणं. ओळखीचं. मग उजवीकडं. तो घाबरून मागं वळला, चालला, तर समोर तोच फणस. पुन्हा वळला. पुन्हा फणस. मग पोटरीला गरम श्वास लागला. खाली बघतो, काही नाही. आणि मग, ऐका, अंधारातनं आवाज आला. धाकलूचाच आवाज.

"बस. उद्या येतो."

धाकलू खाली बसला. उठता येईना. जीपचा हॉर्न वाजतोय, पण तोंडातनं हाक फुटेना. चाचपडताना हाताला साखळी लागली. गंजलेली. कडी मात्र उघडी! तेव्हा कुठं त्याला रडू फुटलं. म्हणाला, आलो रे चांद्या, लई उशीर झाला. तेवढ्यासरशी पाय सुटले. काट्याकुट्यातनं धावत त्यानं जीप गाठली.

त्या वाटेनं जाऊ नका, बाबांनो. आणि कुणाला उद्या येतो म्हणून मागं ठेवलं असेल, तर मुळीच नका.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. पाय ओरबाडलेले, तोंडावर मात्र जरासं हसू. म्हणाला, कडी उघडी होती, म्हणजे कुणीतरी सोडला त्याला, जगला असेल ना? गाव उठलं तेव्हा माझा ट्रक त्याच्यानंतर दुसऱ्या दिवशी निघालेला. मला खोटं बोलवेना.

"मीच सोडला होता, धाकलू. भाकरी दाखवली, खडे मारले. तो तिथनं हलला नाही. तुझी वाट बघत बसला."