लोकरीचा गुंडा

(द्रिना नदीकाठचं गाव. बोगदानच्या घरचं स्वयंपाकघर, दुपार.)

ल्युबिंका : आधी गहू. सणाचा शिजवलेला गोड गहू चमचाभर तोंडात टाकल्याशिवाय आज माझ्या घरात कुणी बोलायचं नाही.

तियाना : मावशी, मी खरंच घाईत आहे. बोगदानशी दोन शब्द बोलते आणि निघते.

ल्युबिंका : निकोला संताच्या दिवशी, आमच्या घराण्याच्या सणाला, कसली गं घाई? आज कुणाला बोलावणं नसतं आणि कुणाला हाकलणंही नसतं. येईल तो आपला. घे, अक्रोड सढळ हातानं घातलेत. कुणाची तू?

बोगदान : आई, ही तियाना. तळ्यावरच्या शिबिरात होती माझ्या.

ल्युबिंका : म्हणजे कॉलेजचा नवा कायदा करणारी पोरं, ती तुम्ही? हा तर तेव्हा हवेतच होता. पोरांना विचारून कायदा होणार, म्हणे. आमच्या वेळी पोरांना एकच विचारायचे, कान धुतलेस का.

तियाना : गहू छान झालाय, मावशी.

ल्युबिंका : साखर जास्त झालीय, मला कळतंय. बसा तुम्ही. मी कार्प मासा पलटून येते, नाहीतर तळाला धरेल बाहेरच्या चुलीवर.

तियाना : फोन का उचलत नाहीस?

बोगदान : कामात होतो गं.

तियाना : म्हणून आज आले. आज तुला मला दारातून परत पाठवता येणार नाही.

बोगदान : हळू बोल.

तियाना : एकच विचारायचंय. शेवटच्या दिवशी तू गॅलरीत चढून वरून फोटो काढलास. आम्ही सगळे गोल बसलेलो आणि मध्ये लाल लोकरीचं जाळं. 'हलू नका, सुंदर दिसताय' म्हणालास. तो फोटो कुणाला दिलास?

बोगदान : तो खेळ सगळ्याच शिबिरांत घेतात. गुंडा हातात आला की सांगायचं, मला सगळ्यात जास्त कुणी शिकवलं, आणि दोरा धरून गुंडा त्याच्याकडे टाकायचा. मुलं मोकळी होतात. इतकी वर्षं मी हेच करतोय.

तियाना : झालो ना मोकळे. कोण कुणाच्या घरी जमतं, कोण कुणाचं ऐकतं, रात्रशाळा कुणामुळे चालते, सगळं सांगितलं आणि वर दोरा हातात धरून बसलो. पोलिसांना हिंडून हिंडून सापडलं नसतं ते आम्ही हसतखेळत विणून दिलं.

बोगदान : यात पोलिस कुठून आले?

तियाना : आंजेलियाला पहिल्यांदा बोलावलं. 'जरा गप्पा मारू' म्हणाले. कॉफीसुद्धा दिली. आठवतंय, तिच्या हातात किती दोरे होते? मग स्ट्राहिन्या, त्याच्या हातात तिच्यापेक्षा एक कमी. मग ज्यांच्याकडे त्याहून कमी, ते. क्रम लक्षात येतोय ना तुझ्या?

बोगदान : योगायोग असेल.

तियाना : मीही तेच म्हणत होते. मग स्ट्राहिन्या म्हणाला, टेबलावर फोटो होता आणि त्याच्या डोक्याभोवती पेनानं गोल केला होता.

बोगदान : मी मंत्रालयात दिला. अहवालाबरोबर. शप्पथ, पोलिसांना नाही.

तियाना : आणि नावं?

बोगदान : नावं नाही दिली. एकही नाही.

तियाना : तोंडी?

बोगदान : तोंडीही नाही. तियाना, माझ्याकडे बघ. नाही दिली.

तियाना : आणि आमच्या चिठ्ठ्या? भिंत भरून चिकटवल्या होत्या. प्राध्यापक नेमताना विद्यार्थ्यांनाही विचारा. रात्रशाळेत शिकलेलं कॉलेजच्या प्रवेशाला धरा. बेकरीतल्या यागोदानं तिची चिठ्ठी पुन्हा पुन्हा लिहिली, मंत्र्यांसमोर चूक दिसायला नको म्हणून. तिनं सातवीत शाळा सोडली होती, माहितेय ना तुला? रात्रशाळेत येऊन अपूर्णांक शिकली आणि आता तिला कॉलेजला जायचंय. तिला मी काय सांगू?

बोगदान : चिठ्ठ्या घेतल्याच नाहीत त्यांनी.

तियाना : म्हणजे?

बोगदान : मी खोकं भरून नेलं होतं. म्हणाले, हे राहू द्या, तो वरून काढलेला फोटो तेवढा पाठवा. खोकं तसंच आहे माझ्या गाडीच्या डिकीत.

तियाना : आणि तेव्हा तुला काहीच खटकलं नाही.

बोगदान : खटकलं. पण स्वतःची समजूत घातली की पुस्तिकेवर छापायला हवा असेल, हसरी तरुण मंडळी वगैरे. मी मूर्ख ठरलो, तियाना. पण विकला गेलेलो नाही.

तियाना : आंजेलियाला त्याचं काय? रात्रशाळा परक्या पैशावर चालते, असं लिहिलेल्या कागदावर सही करून आली ती. आता चौकात आम्ही दिसलो की रस्ता ओलांडते. मी तिच्याशेजारी बसून वाढले, बोगदान. मला राग यायला हवा तिचा. मला नुसती भीती वाटते.

ल्युबिंका : कसली भीती? माशाची? काटे काढून देते मी. बोगदान, अरे तुझे ते साहेब एकटेच बसलेत पुढच्या खोलीत. राकियाचा घोट नको, मासा नको, नुसते हात मागं बांधून भिंतीवरचे फोटो बघतात. दरसाल या घरात बसायला जागा नसते आणि यंदा शेजारीपाजारी आले, गहू खाल्ला, साहेबांना बघितलं आणि चपला घातल्या. शेजारच्या मिलुनकाला तर मी पावाचा तुकडा फाटकापर्यंत नेऊन दिला.

बोगदान : आलोच मी, आई. तू जा.

ल्युबिंका : आलोच म्हणत सकाळपासून इथंच घुटमळतोयस. ये लवकर, बरं दिसत नाही.

तियाना : कुठले साहेब?

बोगदान : मंत्रालयातले. सकाळीच आले. बोलावलं नव्हतं.

तियाना : आज कुणी कुणाला बोलावतच नाही.

बोगदान : म्हणूनच आजचा दिवस धरला त्यांनी. तुझ्यासारखाच.

तियाना : मला आत येताना बघितलं त्यांनी?

बोगदान : नाही. तू मागच्या दारानं आलीस ना. बस खाली.

तियाना : काय हवंय त्यांना?

बोगदान : खुर्ची.

तियाना : कुठली?

बोगदान : रिकामी. तुम्हीच ठेवली होती ना गोलात. मला शिकवणारा इथं नाही, त्याच्यासाठी खुर्ची ठेवू का, असं तू विचारलंस आणि मी मोठ्या कौतुकानं हो म्हटलं. मग सगळेच त्या खुर्चीकडे फेकायला लागले. फोटोत बघ, सगळ्यात जास्त दोरे त्या खुर्चीला बांधलेत. फोटोत आवाज तर नसतो. ते विचारतायत, खुर्ची कुणाची.

तियाना : त्यांना अजून माहीत नाही?

बोगदान : नाही. आंजेलियालाही विचारलं. बाकी सगळ्यावर सही केली तिनं, पण खुर्चीचं मला माहीत नाही म्हणाली. साहेब स्वतःच सांगत होते मला, चिडून.

तियाना : आंजेलिया असं म्हणाली?

बोगदान : शेवटपर्यंत.

तियाना : आणि मी तिला काय काय बोलले. तिच्या आईसमोर बोलले, बोगदान.

बोगदान : रड नंतर. आधी सांग, तू नेमकी कशासाठी आलीस?

तियाना : रेल्याचं, त्या खुर्चीवाल्याचं, नाव त्यांच्याकडे गेलंय का, एवढंच विचारायला. तो आज पूल ओलांडतोय. पलीकडे, सीमेपार, त्याचं गाव. नाव पोचलं असेल तर पुलावरच्या चौकीत धरतील. नसेल तर सणाला घरी निघालेला एक विद्यार्थी, कोण बघतंय.

बोगदान : एवढं का घाबरलीस? त्यालाही बोलावतील, कॉफी देतील.

तियाना : तो पलीकडचा आहे. आंजेलियानं ज्यावर सही केली, त्या गोष्टीत त्यांना एक परका माणूस हवाय. बाहेरचा हात. त्याच्या हाताला फक्त ग्रीस असतं. संध्याकाळी गणित शिकवतो आणि मग गावातल्या पोरांबरोबर पाण्याचे पंप उघडून बसतो. एक दिनार घेत नाही कुणाकडून. हा आत गेला तर परत येणार नाही, बोगदान. त्याला खोटं बोलताच येत नाही. कुणी नाव विचारलं की बापाच्या नावासकट सांगतो.

बोगदान : आत्ता कुठे आहे तो? थांब, नको सांगू मला.

तियाना : का?

बोगदान : मला विचारलं तर माहीत नाही, हे खरं असू दे.

तियाना : तू खरंच त्यांना काही सांगणार नाहीस?

बोगदान : सकाळपासून या स्वयंपाकघरात का लपलोय मी? सोमवारी दुसऱ्या गावात शिबिर घ्यायला सांगितलंय त्यांनी. नवी मुलं, तोच खेळ. लोकरीचा गुंडासुद्धा घेऊन आलेत, नवा कोरा. माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, तरुणांचा सहभाग वाढला पाहिजे.

तियाना : तू काय म्हणालास?

बोगदान : आईला मदत करतो म्हणालो आणि इकडे पळालो. बघ किती शूर आहे मी.

तियाना : सोमवारी जाऊ नकोस.

बोगदान : नाही जाणार. आत्ता तुझ्याशी बोलता बोलता ठरलं, हे खरंय. पण ठरलं. आणि खुर्चीचंही सुचलंय मला. माझे एक प्राध्यापक होते, गणिताचेच. मागच्या हिवाळ्यात वारले. मी सांगतो, त्यांच्या आठवणीसाठी खुर्ची ठेवली होती, मीच मुलांना त्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. गेलेल्या माणसाला कोण चौकशीला बोलावणार?

तियाना : विश्वास बसेल त्यांचा?

बोगदान : कबरीवर घेऊन जातो म्हणतो. मेणबत्ती लावू, राकिया ओतू. आपल्याकडे कबरीवर कुणी माणसाला खोटं पाडत नाही.

तियाना : तू जरा बरा माणूस आहेस.

बोगदान : उशिरानं. आता ऐक. मी पुढच्या खोलीत जातो आणि त्यांना माझ्या प्राध्यापकांच्या गोष्टीत गुंतवतो. तू मागच्या दारानं नीघ. पुलावर घाई करू नका. कुणी विचारलं तर सणाला चाललाय, पिशवीत आईचा पाव आहे. हा घे, खरंच घेऊन जा.

तियाना : तो गाडीतच आहे. चर्चच्या भिंतीला लावलीय. तुला सांगायचं नव्हतं, पण आता सांगावंसं वाटलं. त्याला मी म्हटलंय, काहीही झालं तरी खाली उतरायचं नाही.

बोगदान : बरं केलंस. पळ.

तियाना : यागोदाचं खोकं टाकू नकोस हं. त्या चिठ्ठ्या आमच्या आहेत.

बोगदान : नाही टाकत. जा आता.

ल्युबिंका : अगं पोरी, कमाल आहे तुझी. माणसाला असं बाहेर ठेवतात का?

तियाना : काय झालं, मावशी?

ल्युबिंका : मिलुनकाला पाव द्यायला फाटकापर्यंत गेले, तर चर्चच्या भिंतीशी गाडी. काचा वाफेनं भरलेल्या आणि आत एक पोरगा हातांवर फुंकर मारत बसलेला. तेव्हा म्हटलं, असेल कुणाची वाट बघत. मग मासा पलटला तरी तो तिथंच. विचारलं, कुणाबरोबर आलास रे, तर म्हणाला तियानाबरोबर. नको नको करत होता, उतरायचं नाही म्हणे. मी म्हटलं, माझ्या घराण्यात या दिवशी कुणी दाराबाहेर राहिलेला नाही, तू राहिलास तर वर्षभर माझ्या जिवाला लागेल. मग आला बिचारा.

बोगदान : कुठे आहे तो, आई?

ल्युबिंका : पुढच्या खोलीत, आणखी कुठे? साहेबांशेजारी बसवलाय. साहेब एकटेच कंटाळले होते रे, आणि पोराला बघून काय खुललेत. नाव विचारलं, गाव विचारलं, इकडे काय शिकवतोस विचारलं, आणि त्यानंही कसं सरळ सांगितलं सगळं. हल्ली अशी पोरं राहिली नाहीत.

तियाना : मावशी.

ल्युबिंका : चला, तुम्हीही चला, सणाचा मोठा पाव कापायचा राहिलाय. फक्त दार वाजवा हं. साहेबांनी स्वतः उठून आतून कडी लावून घेतलीय, गार वारा येतोय म्हणाले.