सातवा रकाना

— नाही नाही मावशी, ते नको. ते नाही टाईप करायचं. तुम्ही हाताचं बोला. कुठवर वर जातो? दाखवा बघू. बास? एवढाच? मग साहेबांपुढे एवढाच दाखवायचा, उगाच शूरपणा नको. बावीस वर्षं कोर्टाच्या या जिन्याखाली बसून लोकांचे दावे टाईप करतोय मी — चांगली माणसंच हरतात हो, चारचौघांत दुखणं सांगायची लाज वाटते त्यांना. तर दावा बस कंपनीवर आणि विमा कंपनीवरही, एकाच अर्जात. ड्रायव्हरवरचा खटला वेगळा, त्याच्यासाठी थांबायचं कारण नाही. पंचनामा आहे, हॉस्पिटलचं कार्ड आहे, अपंगत्वाचा दाखला — आणलात? शाब्बास. आणि तिकीटसुद्धा जपून ठेवलंय!

पण तुम्हाला जागा देणाऱ्या त्या बाईंचं कशाला लिहायचं? दाव्याशी काय संबंध त्यांचा? साहेब म्हणतील, साक्षीला आणा. कुठून आणणार? गेली ना ती, जागच्या जागी. बस पुलाच्या कठड्याला घासली तेव्हा तुम्ही आत बसलेल्या, ती दारापाशी दांडी धरून उभी — अहो, माहितीय मला. या बसचे दहा अर्ज मीच टाईप केलेत, तुमचा अकरावा. जो येतो तो तिचं सांगतो. एकाला तिने पाणी दिलं, एकीची पिशवी वर ठेवून दिली. आणि मी प्रत्येक वेळी नेमकं तेवढंच वाक्य गाळतो. दहाही अर्ज वाचा, बस गच्च भरलीय आणि ती कुठेच नाही.

हिरवा? छे, हिरवा नव्हता स्वेटर, मोरपंखी होता. बसच्या त्या पिवळट काचांमुळे हिरवा दिसला असेल. गळ्याशी एक बटण वेगळं होतं बघा, काळं — माझ्या कोटाचं —

असं बघू नका माझ्याकडे. हो. आमची ही.

या खणात तिचाही अर्ज आहे. लेक मागे लागलीय, बाबा, मुदत संपेल महिनाअखेर. सगळं भरलंय मी, सातवा रकाना तेवढा कोरा — प्रवासाचा उद्देश. लोकांचा झटक्यात भरतो, कामानिमित्त, उपचारांसाठी, नातलगांकडे. तिचा काय लिहू? शेवटच्या स्टॉपचं तिकीट आणि मोठी बॅग. तिथे आमचं कुणीही नाही. त्या सकाळी भांडण म्हणावं असंही काही झालं नव्हतं हो, ती काहीतरी सांगत होती, मी पेपर वाचत होतो, आणि वर न बघताच म्हणालो, जायचं तर जा. लेकीला हे ठाऊक नाही. तिला वाटतं, आई मैत्रिणीकडे निघाली होती. कुठली मैत्रीण, असं विचारलं की मी कार्बन बदलायला घेतो. ती बॅग पोलिसांनी आणून दिली, रस्त्यावर सापडली म्हणे. अजून उघडली नाहीये मी.

बरं, तुमच्या अर्जात तरी टाकतो. सांगा. 'माझे गुडघे दुखत असल्याने एका बाईंनी उठून मला आपली जागा दिली' — पुढे? काही म्हणाली का ती?

काय? परत सांगा.

'बसा, मला पुढच्याच स्टॉपवर उतरायचंय.'

पुलापलीकडचा स्टॉप? मावशी, काही नाही हो तिथे. घर नाही, दुकान नाही, एक पत्र्याची शेड आहे फक्त. तिथे माणूस उतरतो तो एकाच कामासाठी — परतीची बस धरायला. इकडे यायला.

म्हणतात म्हणा लोक असं. जागा देताना समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. तीही म्हणायची, आणि मग शेवटपर्यंत उभी राहून घरी येऊन पाय चेपत बसायची. पण मावशी — बॅग वरच्या रॅकवर असेल ना तिची? उठली तेव्हा खाली काढली का तिने? नीट आठवा. हातात घेतली होती का बॅग, की तिथेच —

नको. नका सांगू. हात जोडतो मावशी, बोलू नका. या घ्या तिन्ही प्रती, सही करा इथे, डाव्या हाताने केलीत तरी चालेल. खिडकी पाचला बंद होते. समोरून उजवीकडे. जा तुम्ही. अहो, जा ना.